काळ्या द्राक्षाची कुळकथा

फेब्रुवारीत दिंडोरी-निफाडच्या बाजूला वाइनच्या द्राक्षांची तोडणी चाललेली असते. बाजारातल्या थॉमसनला सरावलेल्या माणसाने अशा वेळी ‘कॅबर्ने सोव्हिन्यों’चा घड हातात घेतला, तर त्याची निराशाच होते. मणी जेमतेम वाटाण्याहून मोठा. रंग काळा-निळा, वर मेणासारखी पांढुरकी झाक. तोंडात टाकावा तर साल जाड, आत दोन-तीन बिया आणि गर नावापुरता. गोडी मात्र बोटे चिकटावीत इतकी. आणि गिळून झाल्यावर तोंड असे कोरडे पडते की कच्चे जांभूळ खाल्ल्याची आठवण व्हावी. हे द्राक्ष कोणी हातगाडीवर मांडले तर संध्याकाळी बहुतेक माल तसाच परत न्यावा लागेल.

तरीही वाइनसाठी जगात ज्या जाती लावल्या जातात त्यांत सर्वाधिक क्षेत्र याच जातीखाली आहे. द्राक्षवेल आणि वाइन यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार ते सुमारे ३ लाख ४० हजार हेक्टर होते. फ्रान्स, चिली, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, चीन आणि आपले नाशिक, जिथे लाल वाइन होते तिथे बहुधा हे नाव भेटतेच. अलीकडे ते आणखी एका अनपेक्षित ठिकाणी भेटते, ते म्हणजे दवाखान्यात. पन्नाशीतला रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेता घेता हळूच विचारतो, ‘डॉक्टर, रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?’ कोणी जाणकार असेल तर तो जातीचे नावही घेतो. या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी ते द्राक्ष नीट ओळखून घ्यायला हवे. वेलीवरचे द्राक्ष, बाटलीतली वाइन आणि शरीरात पोहोचलेले मद्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ होतो तो पहिलीचे गुण तिसरीला चिकटवल्यामुळे.

या द्राक्षाचे मूळ गाव फ्रान्सच्या नैऋत्येला असलेले बोर्दो. जिरोंद नदीमुखाच्या डाव्या काठावर मेदोक नावाचा पट्टा आहे. तिथली जमीन गोट्यांची आणि वाळूची. शेतकऱ्याच्या भाषेत हलकी, पाणी न धरणारी, दिवसा तापणारी. कॅबर्ने उशिरा फुटते आणि उशिरा पिकते, त्यामुळे अशा उबदार जमिनीचा तिला फायदा होतो. साल जाड असल्याने पावसाळी हवेतही मणी सहजासहजी कुजत नाहीत. जगभर पसरण्याचे एक कारण हा चिवटपणाही आहे.

तिच्या कुळाविषयी मात्र कित्येक वर्षे नुसते तर्क चालत. रोमन लेखक प्लिनीने उल्लेखलेली प्राचीन जात ती हीच, असेही काहींना वाटे. उलगडा झाला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत. जॉन बावर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी द्राक्षाच्या अनेक जातींचे डीएनए ठसे घेतले आणि १९९७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये निष्कर्ष छापला. पद्धत तीच, जी पितृत्वाच्या दाव्यात न्यायालय मागवते. डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात हे प्रत्येकाचे वेगळे असते. अपत्यात प्रत्येक जागी एक आकडा आईकडून आलेला असतो, दुसरा वडिलांकडून. बावर्स आणि मेरेडिथ यांनी अशा ३० जागा तपासल्या. कॅबर्नेचे सगळे आकडे दोनच जातींकडून आलेले निघाले. एक काळी, कॅबर्ने फ्रांक. दुसरी चक्क पांढरी, सोव्हिन्यों ब्लांक.

जगातल्या सर्वांत नावाजलेल्या काळ्या द्राक्षाच्या जन्मदात्यांपैकी एक पांढरे आहे, हे ऐकून वाइनचे जाणकारही चकित झाले. गंमत अशी की जन्मदाखला नावातच लिहिलेला होता. ‘कॅबर्ने’ एकाचे, ‘सोव्हिन्यों’ दुसऱ्याचे. तो कोणी दाखला म्हणून वाचला नव्हता, इतकेच. हा संकर कोणी शास्त्रज्ञाने घडवला नाही. बहुधा सतराव्या शतकात, बोर्दोच्या एखाद्या मळ्यात शेजारी लावलेल्या दोन वेलींचे पराग एकमेकांत मिसळले, एक बी रुजले आणि कोणाला तरी ते रोप उपटून टाकावेसे वाटले नाही.

त्यानंतर मात्र बी रुजवून ही जात कोणी वाढवली नाही, कारण बियांतून आलेले रोप आईबापांसारखे निघत नाही. हापूसचे जसे कलमच लावावे लागते, तसेच इथे. म्हणजे मेदोकमधली, नापामधली आणि दिंडोरीतली कॅबर्ने ही एका अर्थाने एकाच वेलीची फांदी आहे. मधल्या काळात झालेले बारीकसारीक बदल सोडले तर जनुके तीच. अशा एकसारख्या पिकावर एखादे संकट आले तर ते सगळ्यांवरच येते. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फिलोक्सेरा नावाचा मुळे पोखरणारा सूक्ष्म कीटक फ्रान्समध्ये पोहोचला आणि तिथले मळेच्या मळे वाळून गेले. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या जंगली वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत, म्हणून त्या मुळांवर फ्रेंच वेलीचे डोळे बांधायचे. नाशिकचा बागायतदार ‘डॉगरिज’चा खुंट लावतो, तोही मुळचा टेक्सासचा. आपल्याकडे त्याचा वापर वाढला तो मात्र खारवट पाणी आणि दुष्काळ सोसण्यासाठी.

या वेलीला नाशिकमध्ये आल्यावर आणखी एक गोष्ट सोसावी लागली. तिची झोप गेली. बोर्दोमध्ये थंडीत वेल पाने गाळून झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षे तोडली जातात. आपल्याकडे ती वर्षभर जागी असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तीत फक्त काड्या तयार करून घ्यायच्या. पावसाळ्यात फळ धरले तर केवडा आणि भुरी ते हाती लागू देणार नाहीत. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करायची आणि जानेवारी ते मार्चदरम्यान, रात्री थंड आणि दिवसा ऊन असताना माल काढायचा. बोर्दोचा शेतकरी तोडणी करत असतो तेव्हा नाशिकचा कात्रीला धार लावत असतो.

आता मण्याच्या आत काय आहे ते पाहू. कॅबर्ने पुरती पिकली नसेल तर तिच्या रसाला ढोबळी मिरचीचा वास येतो. ही वाइन चाखणाऱ्यांची कविकल्पना नाही. ढोबळी मिरचीतला वास ज्या रेणूमुळे येतो, तोच मिथॉक्सिपायराझिन गटातला रेणू या द्राक्षात असतो आणि तो दोन्ही जन्मदात्यांकडून आलेला आहे. माणसाच्या नाकाला तो किती थोडा पुरतो, हे थक्क करणारे आहे. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा पन्नास कोटीवा भाग असला तरी तो ओळखू येतो. कुत्र्याच्या नाकाचे कौतुक करणाऱ्या माणसाने आपल्या नाकालाही थोडे श्रेय द्यायला हरकत नाही. घडावर ऊन पडत गेले, फळ पिकत गेले, की हा वास विरतो. पाने किती काढायची आणि घड कितपत उघडे ठेवायचे, याची शेतकऱ्याची सगळी कसरत त्यासाठी असते.

रंगाची गोष्ट जांभूळ-कोकम खाणाऱ्या मुलखाला सांगायला सोपी आहे. या काळ्या द्राक्षाचा गर काळा नसतो. तोडल्याबरोबर पिळले तर रस फिकटच निघतो. सगळा रंग सालीत. म्हणून लाल वाइन करताना रस साली आणि बियांसकट कित्येक दिवस आंबवत ठेवतात आणि रंग त्यात उतरतो. या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. जांभळाने जीभ रंगते, कोकमाचे आगळ लाल दिसते, वांग्याची साल जांभळी असते, ती याच कुटुंबामुळे. कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग पालटतो, तशीच ही द्रव्ये आंबटपणानुसार रंग बदलतात.

सालीत आणि बियांत टॅनिनही भरपूर असते, तोंड कोरडे पडते ते त्याने. आपल्याकडे तुरट ही सहा रसांपैकी एक चव मानली जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाच्या अधिक जवळचा आहे. लाळेत गुळगुळीतपणा देणारी प्रथिने असतात, टॅनिन त्यांना चिकटून त्यांचा साका करते आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. हिरडा, सुपारी, कडक काळा चहा यांचे तेच. कॅबर्नेचा मणी लहान, म्हणून गराच्या मानाने साल आणि बी जास्त, म्हणून टॅनिन जास्त. हातगाडीवर जो दोष ठरला असता तो वाइनच्या पिंपात गुण ठरतो, कारण हेच टॅनिन वाइनला वर्षानुवर्षे टिकायला मदत करते आणि मुरता मुरता स्वतः मवाळ होते.

इथे एक गैरसमज वाटेतच दूर केलेला बरा. लाल रंगाचे जे जे काही असेल ते रक्त वाढवते, अशी आपल्याकडे घट्ट समजूत आहे. बीट, डाळिंब आणि आता त्यात लाल वाइनची भर पडली आहे. वाइनचा लाल रंग अँथोसायनिनचा आहे, लोहाचा नाही. उलट तिच्यातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि आतड्यात त्याचे शोषण कमी करते. पंडुरोगाच्या रुग्णाला लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, असे सांगतात ते याच कारणाने. बाळंतिणीला ‘शक्तीसाठी’ वाइन देणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवायला हवे. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या ग्लासातले मद्य आईच्या दुधातून पोहोचते, ते वेगळेच.

राहिली साखर. खाण्याची द्राक्षे साधारण १६ ते १८ ब्रिक्सला तोडतात. कॅबर्ने २३-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात. यीस्ट ही साखर खाऊन मद्य बनवते आणि ब्रिक्सच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे जास्त इतके टक्के मद्य तयार होते. म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. हा साडेतेराचा आकडा पुढे लागणार आहे.

येथवर सगळे कौतुकाचे. निसर्गाचा अपघात, शास्त्रज्ञांचा छडा, शेतकऱ्याचे कसब. या द्राक्षाला औषधाचा मान मिळाला तो फार अलीकडे, आणि तारीखच सांगायची तर १७ नोव्हेंबर १९९१ च्या रात्री. अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात असे मांडले गेले की फ्रेंच लोक लोणी आणि चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो, आणि याचे उत्तर कदाचित या ग्लासात आहे. ग्लास अर्थातच लाल वाइनचा होता. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जेरिल या फ्रेंच संशोधकांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ‘फ्रेंच विरोधाभास’ हा शब्द जगभर झाला. अमेरिकेत लाल वाइनचा खप झपाट्याने वाढला.

नंतरची छाननी इतक्या उत्साहाने कोणी दाखवली नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९९९ साली माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड यांनी दाखवले की फ्रेंचांच्या आहारात प्राण्यांची चरबी वाढली तीच मुळी ब्रिटनपेक्षा उशिरा, आणि तिचे परिणाम दिसायला काही दशके जातात. काही हृदयविकाराचे मृत्यू फ्रान्समध्ये त्या सदराखाली नोंदलेच जात नव्हते, हाही मुद्दा होता. आणि विसाव्या शतकाच्या मध्यात यकृताच्या सिरॉसिसने होणाऱ्या मृत्यूंत हाच वाइनप्रेमी देश युरोपात आघाडीवर होता. हृदयाचा विरोधाभास सांगणारे यकृताचा हा सरळ हिशेब सांगत नसत.

मग ‘रेस्व्हेराट्रॉल’ आले. काळ्या द्राक्षाच्या सालीत हे द्रव्य असते. बुरशी आणि इतर संकटांपासून बचाव म्हणून वेल ते तयार करते. शेंगदाण्यातही ते थोडे असते, पण शेंगदाण्याच्या पुडीला तसा दिमाख नाही. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापून आला. तुपाळ खाणे देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांना रेस्व्हेराट्रॉल दिले तेव्हा ते अधिक जगले आणि त्यांच्या यकृताचे नुकसान कमी झाले. मात्र उंदरांना दिलेली मात्रा रोज वजनाच्या किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅम होती. लाल वाइनच्या लिटरमध्ये हे द्रव्य साधारण एक-दोन मिलिग्रॅम, फार तर त्याच्या काही पट भरते. उंदराची मात्रा माणसाला लावताना औषधशास्त्रात ती बरीच कमी करतात. तेवढी सवलत दिली तरी साठ किलोच्या माणसाला रोज कित्येक पिंपे नाही, पण कित्येक बादल्या वाइन प्यावी लागेल. या आशेवर एका बड्या औषध कंपनीने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर मोजून रेस्व्हेराट्रॉलवर काम करणारी छोटी कंपनी विकत घेतली आणि पाच वर्षांत ती बंद केली.

माणसांवरचा पुरावा इटलीतून आला. वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या कियांती भागातल्या दोन गावांत पासष्टीच्या पुढच्या ७८३ स्त्री-पुरुषांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश मोजले गेले. किती प्यालात असे विचारले तर माणूस खरे सांगेलच असे नाही, लघवी मात्र खोटे बोलत नाही. नऊ वर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये निष्कर्ष आला की ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जास्त त्यांना हृदयविकार कमी झाला नाही, कर्करोग कमी झाला नाही आणि ते जास्त जगलेही नाहीत.

तरी एक प्रश्न उरतो. अनेक जुन्या पाहण्यांत थोडे पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसत. त्याचे काय? जेराल्ड शेपर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच याचे एक उत्तर दिले होते. ‘अजिबात न पिणाऱ्या’ गटात आजारपणामुळे दारू सोडावी लागलेले लोकही मोजले जातात, म्हणून तो गट अधिक आजारी दिसतो. त्यात भर अशी की जेवणाबरोबर एक ग्लास वाइन घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला असतो, वेळेवर जेवतो, तपासण्या करून घेतो. गुण त्याच्या पगाराचा आणि श्रेय वाइनला. हा गुंता सोडवण्यासाठी चीनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत जनुकांचा आधार घेतला गेला. पूर्व आशियात अनेकांत मद्य न सोसणारी जनुके जन्मतः असतात, त्यामुळे ते कमी पितात. ही विभागणी पगार किंवा सवयी पाहून होत नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात मद्याच्या प्रमाणाबरोबर पक्षाघाताचा धोका सरळ वाढत गेला. थोड्या मद्याने संरक्षण मिळते, असे कुठे दिसले नाही. द्राक्षाचा जन्म ज्या शास्त्राने उलगडला, त्याच शास्त्राने त्याच्या औषधीपणाच्या दाव्याला असा धक्का द्यावा, हाही योगच.

हृदयापुरता वाद तज्ज्ञांमध्ये पुरता मिटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जो पीत नाही त्याने हृदयासाठी सुरू करावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनही म्हणत नाही. कर्करोगाबाबत तर संदिग्धता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेये १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून नोंदली. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तन. रोजच्या एका ग्लासानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. तोंडाच्या बाबतीत मद्य आणि तंबाखू एकमेकांचे बळ वाढवतात. मिश्री आणि गुटख्याच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको. मद्याची सुरक्षित अशी पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यात द्राक्षाच्या जातीला सूट नाही. यकृताला रेणू कळतो तो एकच, इथेनॉल. तो मेदोकमधून आला की हातभट्टीतून, हे त्याला कळत नाही.

आपल्याकडे मात्र या बाबतीत एक वाक्य रूढ झाले आहे, ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ते इतक्यांदा उच्चारले गेले की लोकांना ते वैद्यकीय मत वाटू लागले. म्हणून मघाचा साडेतेराचा आकडा हाती घेऊन हिशेब करू. वाइनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात साडेतेरा टक्क्यांनी सुमारे १६ ग्रॅम शुद्ध मद्य असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये ४२.८ टक्क्यांनी सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक ग्लास कॅबर्ने म्हणजे दीड पेग. ७५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ८० ग्रॅम, अर्थात एक क्वार्टर आणि वर दोन छोटे पेग. घरी रात्री दोघांत एक बाटली संपवणारे जोडपे प्रत्येकी चार पेग घेत असते, आणि बहुतेकदा हे दोघांच्याही ध्यानात नसते. हा हिशेब शेतकऱ्याच्या पोटावर पाय आणण्यासाठी नाही. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर अनेक बागायतदारांचे संसार या वेलीवर उभे राहिले आहेत. ज्याला वाइन आवडते त्याने ती आवडते म्हणून घ्यावी, तो त्याचा प्रश्न. तक्रार आहे ती चवीचा माल औषधाच्या नावाने विकण्याबद्दल.

कारण त्या नावाचा परिणाम सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दिसतो. आयुष्यभर न प्यालेला माणूस बायपासनंतर कोणाच्या तरी सल्ल्याने ग्लास भरू लागतो. मधुमेहाचा रुग्ण संध्याकाळची गोळी घेऊन, जेवणाआधी वाइन घेतो आणि मध्यरात्री साखर उतरून घामाघूम अवस्थेत आणला जातो, कारण यकृत मद्य हाताळण्यात गुंतले की साखर सोडायचे त्याचे काम मंदावते. क्षयरोगाची औषधे चालू असलेला ‘दारू सोडली’ असे शपथेवर सांगतो आणि वाइन चालू ठेवतो. त्याच्या यकृतावर मग औषध आणि मद्य या दोघांचा भार पडतो. रक्त पातळ करण्याच्या गोळीवर असलेल्याचा तपासणीचा आकडा वरखाली होत राहतो आणि कारण सापडत नाही. यातले कोणीही खोटे बोलत नसतात. वाइन म्हणजे दारू नव्हे, हे त्यांनी खरे मानलेले असते.

एका ग्लासातच डोके धरणाऱ्यांसाठीही कॅबर्नेकडे एक धागा आहे. मद्य पचवताना तयार होणारे विषारी ॲसिटाल्डिहाइड पुढे नेणाऱ्या विकराला क्वेर्सेटिनचे एक रूप अडवत असावे, असे डेव्हिसच्याच संशोधकांनी २०२३ मध्ये मांडले. क्वेर्सेटिन सालीत असते आणि उन्हात उघड्या ठेवलेल्या घडांत ते जास्त तयार होते. मिरचीचा वास घालवण्यासाठी दिलेले ऊन असे डोकेदुखी होऊन परत येत असेल, तर निसर्गाचाही हिशेब चोख म्हणायचा. ही अजून शक्यताच आहे, सिद्ध व्हायची आहे.

साल, रंग आणि टॅनिन यांचेच कौतुक असेल तर ती मद्याशिवायही मिळतात. हंगामात काळी शरद द्राक्षे, मे-जूनमध्ये जांभळे, वर्षभर कोकम. मधुमेह असेल तर द्राक्षे मोजून खावीत. त्यांनीही हृदयविकार टळतो असा दावा कोणी करू नये, पण निदान यकृताला भुर्दंड पडत नाही.

केसपेपरवर ‘व्यसन’ या शब्दापुढे बहुतेकदा ‘नाही’ असे लिहिलेले असते. तपासणाऱ्याने तिथे न थांबता ‘वाइन?’ असा वेगळा प्रश्न विचारला, तर बऱ्याचदा उत्तर येते, ‘हो, पण ती तब्येतीसाठी.’ अशा वेळी बाटली किती दिवस पुरते, हे विचारावे आणि ग्रॅमचा हिशेब रुग्णासमोर कागदावर मांडावा. मद्याची टक्केवारी प्रत्येक बाटलीवर छापलेली असते. अक्षर मात्र इतके बारीक की चाळिशी उलटलेल्याला ते वाचायला चष्मा शोधावा लागतो.